साध्या दोराचा पतंग

संक्रांतीच्या आधीच्या दिवसांत गव्हाणेबाईंच्या स्कूटरवर मागे बसायचं म्हणजे जीव मुठीत धरून बसायचं. सावेडीच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर त्या मध्येच ब्रेक लावायच्या. समोर खड्डा नाही, कुत्रं नाही, तरी ब्रेक. मी त्यांच्या पाठीवर आदळायचे. बाई स्कूटर कडेला लावायच्या, पर्स माझ्या हातात द्यायच्या आणि पतंगाशी झटापट करणाऱ्या कुणातरी अनोळखी गृहस्थापुढे जाऊन उभ्या राहायच्या.

"ही कन्नी कुणी बांधली?"

"मीच," तो गृहस्थ जरा अभिमानानं म्हणायचा.

"दिसतंय. आणा इकडे."

पतंगाच्या उभ्या काडीला वर आणि खाली दोरा बांधतात, त्याला कन्नी म्हणतात. तिच्यावरच एक गाठ मारून तिथं उडवायचा दोर जोडायचा. ही गाठ बोटभर इकडे-तिकडे झाली की पतंग गोल गोल फिरतो किंवा नाक खाली करून जमिनीवर येतो. हे मला बाईंमुळे कळलं. नाहीतर माझा आणि पतंगाचा संबंध तीळगुळाच्या पिशवीवर छापलेल्या चित्राएवढाच होता. बाई दातांनी गाठ सोडायच्या, पतंग हातावर तोलून बघायच्या, नवी गाठ मारायच्या आणि "आता उडवा" म्हणून तो परत द्यायच्या. पतंग उडाला की नाही ते बघायला त्या कधी थांबल्या नाहीत. स्कूटर चालू करताना मी मान वळवून बघायचे. उडालेला असायचाच.

बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. शिक्षकखोलीत त्या कुणाला नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. "भूगोल, डबा काढा." "इतिहास, तो पंखा बंद करा, तुमच्या वह्या उडतायत." मला "मराठी" म्हणायच्या. पुढे आमची चांगली गट्टी जमली, मी त्यांच्या घरी जेवायला-खायला जाऊ लागले, तरी मी मराठीच राहिले. त्या गेल्या त्याला आता दुसरी संक्रांत येतेय. मला नावानं हाक मारणारी माणसं पुष्कळ आहेत. "अहो मराठी" म्हणणारं कुणी नाही, याचं कधी कधी फार वाईट वाटतं.

आठवीच्या मुलींना बल शिकवायची वेळ आली की बाई फळा सोडून सगळ्या वर्गाला गच्चीवर न्यायच्या. मुख्याध्यापक कुरकुर करायचे. बाई म्हणायच्या, "वारा खाली वर्गात येत नाही सर, नाहीतर मीही खालीच शिकवलं असतं." एकदा माझा तास मोकळा होता म्हणून मीही वर गेले. बाईंचं शिकवणं असं होतं: "एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये अशी पाटी असते. म्हणजे तुम्ही सगळ्यांनी काढलेलाच आहे. तळहात वाऱ्यासमोर सरळ धरला तर काय होतं? हात मागे जातो. आडवा धरला तर? वारा वरून-खालून निघून जातो, हाताला काहीच होत नाही. आणि थोडा तिरका धरला तर?" मुली एका सुरात ओरडल्या, "वर जातो!" "का वर जातो? कारण तिरक्या हातावर आपटून वारा खाली वळतो. तुम्ही वाऱ्याला खाली ढकललंत म्हणून वाऱ्यानं तुम्हाला वर ढकललं. फुकट कुणी कुणाला वर नेत नाही. पतंग तेवढंच करतो. जरासा कलून उभा राहतो."

मग दोराचं सांगायच्या. पतंगाचं वजन त्याला खाली ओढतं, वारा वर आणि मागे ढकलतो, आणि दोर आपल्याकडे ओढून धरतो. या सगळ्यांचं जमलं की पतंग आभाळात एका जागी उभा राहतो. एका मुलीनं विचारलं की दोर पतंगाला खालीच ओढतो, तर मग तो तुटल्यावर पतंग आणखी वर जायला हवा. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "दोर तुटला की पतंग वाऱ्याबरोबर चालायला लागतो. आणि वाऱ्याबरोबर चालणाऱ्याला वारा लागत नाही. कुणीतरी धरून ठेवलेलं असेल तरच वारा लागतो." मी मागे उभी होते, मला राहवेना. "बाई, काय सुंदर आहे हो हे! निबंधाला घेऊ का?" बाईंनी माझ्याकडे रागानं बघितलं. "निबंध करू नका. हे बल आहे, भावना नाही."

त्या कधीच मांजा वापरत नसत. त्यांचा दोर साधा, सुती. "काच लावलेला दोर दुसऱ्याचा पतंग कापायला लागतो, स्वतःचा उडवायला लागत नाही," असं त्या म्हणायच्या. आणि मग ठरलेली गोष्ट सांगायच्या. त्यांचा स्वतःचा पहिला पतंग त्यांच्या सख्ख्या भावानं कापला होता. त्यांच्या गावाकडे, कर्जत तालुक्यात, पतंग संक्रांतीला नाही, नागपंचमीला उडवतात. तेव्हा मुलींनी फक्त चक्री धरायची, दोर भावाच्या हातात. लहानग्या सुमननं, म्हणजे बाईंनीच, एका पंचमीला दुकानात कुणी घेत नाही म्हणून उरलेला काळा कागद आणला, आईच्या जुन्या लुगड्याच्या पांढऱ्या पट्टीचं शेपूट लावलं आणि एकटीनं बिरोबाच्या माळावर जाऊन तो चढवला. तो चढला! तेवढ्यात घराच्या माळवदावरून दादाचा लाल पतंग वाऱ्याबरोबर माळावर आला, त्याचा मांजा हिच्या साध्या दोराला घासला आणि काळा पतंग गेला. "दिवसभर जेवले नाही मी. पंचमी असून! तर मुलींनो, घर्षण म्हणजे काय?" वर्ग हसायचा. बाईही हसायच्या. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की लाल पतंग कुठे येतो आणि बाई खडू कुठे ठेवतात तेही मला पाठ झालं होतं.

त्यांच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न नेहमी असायचा: पतंग खाली येण्याची दोन कारणे लिहा. उत्तर होतं, वारा पडणे आणि दोर तुटणे. एका मुलीनं दुसरं कारण लिहिलं, 'ज्याचा आहे त्याने उतरवून घेतला म्हणून.' बाईंनी गुण कापला. मी त्या मुलीची वर्गशिक्षिका, भांडायला गेले.

"अहो, बरोबरच आहे की तिचं. उतरवला तर खाली येणारच."

"कारण म्हणजे बल, मराठी. हातानं दोर ओढला, एवढं लिहिलं असतं तर गुण दिला असता. कुणी ओढला आणि का ओढला, त्याच्याशी विज्ञानाला काय करायचंय?"

मी हार मानली. विज्ञानाशी भांडून मराठी कधी जिंकलेली नाही.

अशा या बाई नागपंचमीच्या आदल्या दिवशी उपवास करायच्या. आमच्याकडे बायका तो भावासाठी धरतात. भावाला आयुष्य लाभावं म्हणून. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्यांना चांगलीच छेडलं. "बाई, हे तुमच्या विज्ञानात बसतं का?"

"नाही बसत," बाई म्हणाल्या. "म्हणून तर डबा आणलेला नाही."

"भाऊ येणार का मग उद्या न्यायला? की तुम्ही जाणार?"

बाईंनी हातातल्या वह्या कपाटात ठेवल्या. मग म्हणाल्या, "तुमची गाडी आहे ना, मराठी? उद्या चालवाल का? गावाला जायचंय. घरी नाही, गावाला."

घरी नाही, गावाला, हे काय ते मला मिरजगावच्या पुढे गेल्यावर समजलं. तोवर बाई नुसत्या बाहेर बघत होत्या. मागच्या सीटवर काळा पतंग होता, घडी केलेलं पांढरं सुती शेपूट होतं आणि चक्री होती. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली.

दादानं आपल्या मुलीचं लग्न ठरवलं होतं. मुलगी दहावीत. बाईंना पत्ता लागला तो थेट साखरपुड्याच्या दिवशी. त्या एसटीनं गावी गेल्या आणि मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "पोरीला अजून सोळावं लागलेलं नाही. हे थांबलं नाही तर मी इथूनच पोलिसांना फोन लावते." पाहुणे उठून गेले. जेवणाच्या पंगती तशाच राहिल्या. दादानं हात जोडले, आणि तेही सगळ्यांसमोरच. म्हणाला, "तू लई शिकलीस सुमे. आता आमचं घर तुला न्हाई पुरायचं. पुन्हा या दारात येऊ नको." बाई आल्या पावली परतल्या. ती मुलगी पुढे शिकली, नर्स झाली, तिच्या मनासारखं लग्न झालं. पण बहीणभाऊ बोलले नाहीत.

"तुमचं काय चुकलं?" मी म्हणाले. "अगदी बरोबर केलंत."

"थांबवलं ते बरोबरच. आजही थांबवीन. पण दादाला मागच्या दारी घेऊन जाता आलं असतं. दोघांत सांगता आलं असतं. माझा भाऊ ऐकणारा माणूस आहे हो. मी त्याला सांगितलंच नाही, मी मांडवाला सांगितलं." मग खिडकीची काच वर करून म्हणाल्या, "वारा सरळ अंगावर घ्यायला लावला मी त्याला. कलायला जागाच ठेवली नाही."

बिरोबाचा माळ म्हणजे उघडं रान. एक छोटं देऊळ, चार लिंब आणि खुरटं गवत. श्रावणातला वारा पश्चिमेकडून असा येत होता की माझा पदर काही केल्या खांद्यावर थांबेना. त्याच बाजूला, हाकेच्या अंतरापेक्षा थोडी लांब, दादाची वस्ती. माळवद जाऊन आता स्लॅब झाला होता. त्या स्लॅबवरून एक लाल पतंग वर गेलेला, थेट आमच्या डोक्यावर येऊन उभा होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. त्यांनी वारा जोराचा म्हणून कन्नीचा वरचा दोरा थोडा आखूड केला, चक्री माझ्या हातात दिली आणि पतंग सोडला. काळा पतंग सरसर वर गेला.

तो जरा वर चढला आणि लाल पतंग हलला. मागे मागे सरकत, हळूहळू वस्तीकडे जायला लागला. स्लॅबच्या कठड्याआड गेला. मग दिसेनासा झाला.

"वारा पडला वाटतं तिकडे," मी म्हणाले.

"वारा पडला असता तर आपलाही आला असता खाली. दोर तुटला असता तर तो पुढे वाहत गेला असता, आपल्या पलीकडे. तो मागे गेला. म्हणजे गुंडाळला." बाई फळ्यावर गणित सोडवावं तसं बोलत होत्या. "माझा पतंग ओळखतो तो. काळा कागद, पांढरं शेपूट. दुसऱ्या कुणाचा असणार? मला बघितलं आणि उतरवला. एका आभाळात राहायचं नाही त्याला माझ्याबरोबर."

त्या संध्याकाळपर्यंत पतंग उडवत राहिल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर एकदाही हसू आलेलं मी पाहिलं नाही.

पुढे दर पंचमीला हेच. आदल्या दिवशी उपवास, दुसऱ्या दिवशी माझी गाडी, मिरजगावला चहा आणि माळ. लाल पतंग आधीच वर असायचा. काळा चढला की तो उतरायचा. मी दरवेळी म्हणायचे, "बाई, चला ना. एवढं तर आहे अंतर. पायी जाऊ." आणि दरवेळी बाई वस्तीकडे बघत राहायच्या. एकदा तर काळा चढल्या चढल्या दोर माझ्या हातात देऊन निघाल्याही. लिंबापर्यंत गेल्या. तेवढ्यात वर बघितलं, लाल पतंग गुंडाळला जात होता. परत फिरल्या. "नको. त्याला नको आहे. तो रागातच आहे अजून. पुढच्या पंचमीला बघू."

फोन करावा म्हणून मी कितीदा सांगितलं. बाई म्हणायच्या, "काय म्हणू? चुकले म्हणू? लग्न मोडलं ते चुकलं नाही. मग दुसरं काय चुकलं ते फोनवर सांगता येत नाही." मला त्यांचा राग यायचा. एवढी हुशार बाई! अनोळखी माणसाच्या पतंगाची कन्नी सोडून बांधणारी, आणि इथं दहा मिनिटांची वाट चालायची तर पाय जमिनीला चिकटलेले. भावाबहिणीच्या रुसव्याला काय म्हणावं? बाहेरच्या माणसाला तो केवढासा वाटतो, पण आतल्यांना तो ओलांडता येत नाही.

एका वर्षी दिवाळी होऊन गेली होती. शाळा नुकती उघडली होती. मधल्या सुट्टीत बाईंचा फोन वाजला. त्या भाचीचा होता, त्याच मुलीचा. बाईंनी ऐकलं, फोन टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "गाडी काढता?" दादा सकाळी शेतात पाणी धरायला गेला होता, तिथंच छातीत कळ येऊन खाली बसला आणि उठला नाही. इतक्या वर्षांनी बाई त्या दारात शिरल्या तेव्हा तो अंगणात होता, डोळे मिटलेला. त्यांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. रडल्या मात्र नाहीत. मलाच रडू आवरेना.

दहाव्याला आम्ही पुन्हा गेलो. माणसं पांगल्यावर वैनी, म्हणजे दादाची बायको, आम्हा दोघींना घेऊन ओट्यावर बसली. साधी, थकलेली बाई. मग बाईंनीच विचारलं. इतक्या वर्षांचं जे साचलं होतं ते सगळं त्या एका वाक्यात आलं.

"वैनी, मी पंचमीला माळावर यायचे ते दादाला माहीत होतं ना?"

"ठावं नसायला काय झालं?" वैनी म्हणाली. "तुमचीच तर वाट बगायचे. सकाळपासनं आपला लाल पतंग वर सोडून बसायचे. म्हनायचे, सुमीला लांबून दिसंल, म्या हाय म्हनून."

"मग उतरवायचा का? माझा वर गेला की लगेच उतरवायचा. दरवर्षी. माझं तोंडही नको होतं का त्याला?"

वैनीनं बाईंकडे असं बघितलं, जणू त्या काय विचारतायत तेच तिला कळत नव्हतं. "आवं, तुमचा दोर साधा न् ह्यांचा मांजा. वारं हिकडून तिकडं. लागला असता की तुमच्या दोराला! लहानपनी येकदा कापला हुता म्हनं तुमचा. सासूबाई लई बोलल्या हुत्या त्यांना. पंचमीच्या दिशी आपन इळी सुदिक उबी करीत न्हाई, भाजी चिरीत न्हाई, न् तू उपाशी भैनीचा पतंग कापलास, म्हनून. तवा त्यांनी आईला शबूद दिला, सुमीचा पतंग वर असंल तवा म्या माजा उडवनार न्हाई. तुमी रडत आत पडला हुता, तुमाला कशाला कोन सांगंल?"

बाईंनी ओट्याची कड घट्ट धरली.

"तुमचा काळा पतंग वर आला की ह्यांनी आपला गुंडाळायचा न् खाटंवर बसून तुमचाच बगायचा. सांज हुईस्तवर. मला हाक मारायचे, बग बग, कन्नी कशी बांदलीया, येक गोता खाईना! म्या म्हनायची, आवं हितं बसून काय बगताय, जावा की माळावर, घिऊन या त्यांना. तर म्हनायचे, येऊ नको म्यानंच म्हनलं हुतं, आता कोन्त्या तोंडानं जाऊ? माळापतुर आलीया, येक दिस घरापतुर येईल."

कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. बाई उठल्या आणि जिन्यानं स्लॅबवर गेल्या. मी मागोमाग गेले. तिथून माळ अगदी स्पष्ट दिसत होता, देऊळ दिसत होतं, लिंब मोजता येत होते. कठड्यापाशी एक खाट होती, माळाकडे तोंड करून ठेवलेली. बाई तिच्यावर बसल्या आणि मग त्या रडल्या. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता रडल्या. "मी सगळं बरोबर काढलं हो मराठी," त्या म्हणत होत्या. "वारा पडला नाही, दोर तुटला नाही, गुंडाळला, मला बघून गुंडाळला. सगळं बरोबर. फक्त का, तेवढं विचारलं नाही. लिंबापर्यंत गेले होते मी. तुम्ही होतात ना? लिंबापर्यंत गेले होते."

मी त्यांच्याजवळ बसले.

त्यानंतर बाई शाळेत येत राहिल्या, शिकवत राहिल्या. पण संक्रांतीला त्यांनी स्कूटर कुठे थांबवली नाही. एकदा आमच्या समोरच एकाचा पतंग सारखा नाक घासत होता. मी म्हणाले, "बाई, कन्नी." बाई म्हणाल्या, "जमेल त्याला," आणि पुढे निघाल्या. एक दिवस त्यांनी मला विचारलं, "ती मुलगी कुठे असते हो? उतरवून घेतला असं लिहिणारी?" मला माहीत नव्हतं. ती कधीच शाळा सोडून गेली होती. "तिचा एक गुण राहिलाय माझ्याकडे," बाई म्हणाल्या. वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतून तो प्रश्न मात्र गेला होता.

पुढची पंचमी आली. बाईंनी आदल्या दिवशी डबा आणला नाही. ज्याच्या आयुष्यासाठी उपवास धरायचा तो आता नव्हता. सकाळी गाडी काढली. या वेळी आधी वस्तीवर गेलो. घरात सण नव्हता, वर्ष व्हायचं होतं. वैनीनं चहा दिला. बाईंनी तो तिच्याशेजारी चुलीपाशी बसून घेतला. मग आम्ही दोघी पायीच माळावर निघालो. तीच वाट, ज्या वाटेनं बाई इतकी वर्षं आल्या नव्हत्या. चालायला फारच थोडा वेळ लागला.

वारा उत्तम होता. गावावर रंगीबेरंगी पतंग चढले होते, वस्तीवरचं आभाळ मात्र मोकळं होतं. बाईंनी कन्नी तपासली, वरचा दोरा आखूड केला आणि काळा पतंग सोडला. मी चक्री धरली. पतंग इतका सुरेख चढला की मला आपलं वाटलं, बाईंचं मन जरा हलकं होईल आता. दोर ताणला गेला, पांढरं शेपूट सरळ झालं, पतंग जागच्या जागी उभा राहिला. बाईंनी वस्तीच्या स्लॅबकडे बघितलं. तिथं खाट होती, तिच्यावर कुणी नव्हतं.

"गुंडाळा, मराठी," बाई म्हणाल्या.

"आत्ता? आत्ता तर चढवला. वारा केवढा छान आहे."

"वारा आहेच. तुम्ही गुंडाळा."

त्या दोर हातावर ओढत राहिल्या आणि मी चक्री फिरवत राहिले. पतंग एकेक हात खाली येत गेला. शेवटी बाईंनी तो दोन्ही हातांत झेलला, शेपटाची घडी केली आणि देवळाच्या पायरीवर पतंग उलटा करून ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चप्पल ठेवली. मग वस्तीकडे तोंड करून पायरीवर बसल्या.

"आता त्याला आभाळ मोकळं आहे," त्या म्हणाल्या.

सांज होईपर्यंत आम्ही तशाच बसून होतो. बाई वस्तीवरच्या रिकाम्या आभाळाकडे बघत होत्या, आणि मीही बघत होते, लाल पतंग कुठे दिसतो का.